‘जीर्णोद्धार’ : अर्थ, कूळ आणि पाटीवरचा मजकूर

एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. ठाण्याच्या नौपाड्यातली एक तीन मजली इमारत, १९७० च्या दशकात बांधलेली. ती पुनर्विकासाला निघाली आहे. आवारात मारुतीचं छोटं देऊळ आहे. तेही पाडायचं आणि नव्या इमारतीच्या फाटकाशेजारी बांधायचं, मूर्ती मात्र तीच ठेवायची. देवळावर लावायच्या संगमरवरी पाटीचा मजकूर कमिटीने केला : ‘श्री मारुती मंदिर जिर्णोध्दार’. सेक्रेटरींना ‘नूतनीकरण’ हवं आहे. एक सभासद म्हणतात, सगळ्यालाच ‘पुनर्विकास’ लिहा, कागदोपत्री तोच शब्द आहे. पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणतात, देवळाचा जीर्णोद्धारच होतो, दुसरं काही होत नाही. ताईंना हवं आहे ते असं : यातलं बरोबर कोणतं, हा शब्द आला कुठून, आणि तो लिहायचा कसा.

ठाण्यात गेली तीस वर्षं मी मुद्रितशोधनाचं आणि मजकूर लिहून देण्याचं काम करतो. लग्नपत्रिका, स्मरणिका, संस्थांचे अहवाल आणि अशा पाट्या, सगळं आलं त्यात. त्या अनुभवावरून सांगतो, आजींचा शब्द बरोबर आहे आणि कमिटीचं लेखन चूक आहे. पण आजींचा शब्द बरोबर का, हे सरळ नाही. त्याला एक पीळ आहे, तो उलगडून सांगतो.

शब्दाची फोड सोपी : जीर्ण + उद्धार. ‘जीर्ण’मधला शेवटचा अ आणि ‘उद्धार’मधला पहिला उ मिळून ओ झाला. सूर्य + उदय = सूर्योदय होतो तसंच.

‘जीर्ण’ आलं संस्कृतातल्या जॄ या धातूवरून. अर्थ वय होणं, झिजणं, विरत जाणं. या धातूचं कूळ इतकं मोठं आहे की मराठी माणूस दिवसातून चार वेळा तरी त्यातलं एखादं नाव घेतो आणि त्याला पत्ता नसतो. जरा म्हणजे म्हातारपण, जर्जर, जरठ, अजरामर, हे तर दिसतातच. पण आपला रोजचा ‘जुना’सुद्धा इथलाच. संस्कृतात जीर्णच्या जोडीला जूर्ण असंही रूप होतं, प्राकृतात ते ‘जुण्ण’ झालं आणि मराठीत ‘जुना’. म्हणजे ‘जुन्या देवळाचा जीर्णोद्धार’ असं आपण लिहितो तेव्हा तोच शब्द एकदा मराठीत आणि एकदा संस्कृतात लिहितो. पाटीवर अक्षरामागे पैसे मोजायचे असतील तर तेवढंच वाचवा. जुन्नर हे गावाचं नावही जीर्णनगरावरून आल्याचं सांगतात. जुनागढचं जीर्णदुर्ग हे नाव तर प्रसिद्धच आहे. जुनागढकडे पुढे परत येतो, तिथे या प्रश्नाचं निम्मं उत्तर दगडावर कोरलेलं आहे.

या कुळातलं माझं सगळ्यात आवडतं घर वेगळंच आहे : जिरणं. अन्न जिरतं, पाणी जमिनीत जिरतं, एखाद्याची चांगलीच जिरते. संस्कृत ‘जीर्यते’चं ते मराठी रूप. पदार्थ पोटात विरघळून गेला की तो जीर्ण झाला, म्हणजे पचला. नाही पचला तर अजीर्ण. डॉक्टरांकडे जाऊन ‘अजीर्ण झालंय’ म्हणणारा माणूस शब्दशः ‘माझं जेवण अजून म्हातारं झालं नाही’ असं सांगत असतो. तेव्हा जीर्ण म्हणजे नुसतं जुनं नव्हे. काळाने ज्याला हळूहळू पचवत आणलं आहे, ते जीर्ण. आणखी दहा पावसाळे गेले तर जे मातीत जिरून जाईल, ते. परवाच बांधलेला आणि काल कोसळलेला पूल जीर्ण नसतो, त्याला निकृष्ट म्हणतात.

(हेच कूळ पार ग्रीसपर्यंत गेलेलं आहे. वृद्धांच्या डॉक्टरांच्या पाटीवर ‘जेरियाट्रिक’ असतं, त्यातला ‘गेरास’ म्हणजे म्हातारपण हा ग्रीक शब्द आपल्या जरेचा सख्खा चुलत भाऊ.)

आता ‘उद्धार’. उद् म्हणजे वर, हृ म्हणजे नेणं. उद् + हार. बोलून पाहा, ‘उद्हार’ म्हणताना द आणि ह मिळून जीभ आपोआप ‘द्ध’वर जाते. उद्धार झाला. अर्थ : वर काढणं, बुडणाऱ्याला बाहेर ओढणं. गीतेच्या सहाव्या अध्यायात ‘उद्धरेदात्मनात्मानम्’ येतं ते हेच. एखाद्याच्या लेखातून वाक्य वर उचलून आपल्या लेखात ठेवलं की ते उद्धृत. आणि दुकानातलं ‘उधार’ हेही याच शब्दाचं झिजलेलं रूप. दुसऱ्याच्या गाठीतून काढून घेतलेलं ते उधार. संस्कृतातही उद्धार या शब्दाला ऋण हा अर्थ आहे. देवळाचा उद्धार आणि वाण्याकडचं उधार एका पोटचे आहेत हे वर्गणी गोळा करणाऱ्यांना मी नेहमी सांगतो. ते हसत नाहीत.

मराठीने या शब्दाला आणखी एक वळण दिलं आहे. कुणी कुणाच्या आईबापाचा ‘उद्धार’ करतो तेव्हा तिथे मोक्षाचा काही संबंध नसतो. त्यामुळे भाषणात ‘आमच्या अध्यक्षांनी सगळ्यांचा उद्धार केला’ असं वाक्य आलं तर मी ते बदलतो. पण ‘जीर्णोद्धार’ला ही थट्टा चिकटलेली नाही, तो अजून सोवळ्यात आहे.

एकत्र अर्थ असा : जे झिजून खचत चाललं आहे, त्याला हात देऊन वर काढणं. यात ‘नवं करणं’ कुठेच आलेलं नाही, आणि ‘नूतनीकरणा’शी त्याचा फरक नेमका इथे पडतो.

नूतन हा शब्द वेदाइतका जुना आहे, ही गंमत आहेच. ऋग्वेदाच्या अगदी पहिल्या सूक्तात, दुसऱ्या ऋचेत, पूर्वीच्या आणि ‘नूतन’ ऋषींनी अग्नीला स्तवावं असं म्हटलं आहे. ‘नू’ म्हणजे आता, आणि पुढचा ‘तन’ तोच जो पुरातन, सनातन, चिरंतनमध्ये आहे. नूतन म्हणजे ‘आत्ताचा’. त्याला ‘करण’ जोडताना मधे जी दीर्घ ई येते तिचं व्याकरणात एक खास काम आहे. पाणिनीने त्या प्रत्ययाला च्वि म्हटलं, आणि व्याकरणाच्या परंपरेने त्याची अट सांगितली : जे आधी तसं नव्हतं ते तसं होणं. शुद्ध नव्हतं ते शुद्ध केलं की शुद्धीकरण, स्पष्ट नव्हतं ते स्पष्ट केलं की स्पष्टीकरण. म्हणून ही ई सगळीकडे दीर्घ. नूतनीकरण म्हणजे जे आत्ताचं नव्हतं त्याला आत्ताचं करणं. परवान्याचं नूतनीकरण होतं कारण त्याची मुदत कालपर्यंतची होती, ती आजपासूनची केली. ठाण्याचं गडकरी रंगायतन हे नाट्यगृह १९७८ सालचं. ते नूतनीकरणासाठी बंद ठेवलं होतं तेव्हा शब्द चपखल होता. खुर्च्या, ध्वनियंत्रणा, वातानुकूलन, सगळं आजच्या काळाचं करायचं होतं. त्याला कुणी जीर्णोद्धार म्हटलं नाही आणि तेच बरोबर होतं.

मारुतीला मात्र आत्ताचं करायचं नाही. त्याची मुदत संपलेली नाही. म्हणून सेक्रेटरींचा शब्द पाटीवर शोभत नाही. देवळाला नव्या फरशा, नवे दिवे बसवायचे असते, तर ‘सभामंडपाचे नूतनीकरण’ म्हणायला माझी हरकत नव्हती.

‘पुनर्विकास’ हा शब्द ठाण्याला आता पाठ झाला आहे. नौपाड्यात, पाचपाखाडीत, राममारुती रोडच्या गल्ल्यांत कुठेही चाला, हिरवी जाळी आणि पुनर्विकासाची पाटी दिसते. विकास म्हणजे मुळात उमलणं. कमळ विकसतं, तसं. शब्दाच्या पोटात फूल आहे आणि प्रत्यक्षात जेसीबी येतो, असो. कायद्याच्या, सहकार खात्याच्या, पालिकेच्या कागदांवर हाच शब्द चालतो आणि तिथे तो बदलू नये. पण त्याचा अर्थ जागेच्या बाबतीतला आहे : त्याच भूखंडावर जुनं बांधकाम काढून जास्त क्षेत्रफळाचं नवं उभं करणं. तुमच्या इमारतीचा होतो तो पुनर्विकास. मारुतीला चटईक्षेत्र वाढवून मिळत नाही.

आता तो पीळ. कुणी म्हणेल, तुम्ही जीर्णोद्धार म्हणजे जुन्याला सावरणं म्हणता, पण इथे तर देऊळ चक्क पाडणार. मग आजींचं बरोबर कसं?

शब्दाचा इतिहास पाहिला तर त्यात दोन धारा दिसतात. एक धारा शिलालेखांची आणि ताम्रपटांची. देवळाला किंवा विहाराला गाव, जमीन, उत्पन्न दान देताना ते कशासाठी हे लिहायची एक ठरलेली पद्धत होती. त्यात पूजा, नैवेद्य, दिवाबत्ती येते आणि बहुतेक वेळा पुढे येतं ‘खंडस्फुटित’. म्हणजे तुटलेलं आणि भेगाळलेलं. कुठे ‘खंडस्फुटितप्रतिसंस्कार’ असं येतं, कर्नाटकाकडच्या लेखांत ‘खंडस्फुटितजीर्णोद्धार’ असं. दात्याला ठाऊक होतं की देऊळ बांधलं की काम संपत नाही. दरवर्षी काही ना काही तुटणार, फुटणार, आणि त्यासाठी कायमची सोय हवी. इथे जीर्णोद्धार म्हणजे सरळ डागडुजी. शिखरावर पिंपळाचं रोप उगवलं की ते मुळासकट काढून फट बुजवणं. आपल्या कोकणात कौलारू घर पावसाळ्यापूर्वी शाकारतात तितकीच ती नेहमीची गोष्ट.

दुसरी धारा विधीच्या ग्रंथांची. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा स्वतंत्र अध्याय आहे आणि तिथे सांगितलेलं आजच्या वाचकाला चमकवणारं आहे. मूर्ती फारच जीर्ण झाली असेल, भंगली असेल, तर ती सोडून द्यावी, असं तो ग्रंथ स्पष्ट म्हणतो. लाकडाची असेल तर अग्नीत, दगडाची असेल तर पाण्यात, धातूची किंवा रत्नाची असेल तर खोल पाण्यात किंवा समुद्रात. मग जेवढ्या मापाची आणि ज्या द्रव्याची ती होती, तेवढ्याच मापाची आणि त्याच द्रव्याची दुसरी त्या जागी बसवावी. आणि अध्याय संपता संपता म्हटलं आहे की विहिरी, बावडी, तळी यांच्या जीर्णोद्धाराचं फळ मोठं आहे.

दोन गोष्टी टिपून ठेवा. एक, परंपरेला बदलाचं वावडं नव्हतं, पण माप आणि द्रव्य बदलायची मोकळीक तिने दिली नाही. दगडी होती ती दगडीच. काळ्या पाषाणाचं गर्भगृह काढून तिथे बाथरूमच्या टाइल्स लावणं जीर्णोद्धारात बसत नाही, मग ती टाइल इटलीची का असेना. दोन, शब्द देवळापुरता कधीच नव्हता. विहीर आणि तळं पहिल्यापासून त्यात आहेत. तळ्यांचं गाव म्हणवणाऱ्या ठाण्याने हे लक्षात ठेवायला हरकत नाही. गाळ काढून, बांध दुरुस्त करून तळं पुन्हा वापरात आणलं तर तो तळ्याचा जीर्णोद्धार. काठावर रंगीत कारंजी बसवली तर सुशोभीकरण.

आता जुनागढ. तिथे गिरनारच्या पायथ्याशी एक मोठा खडक आहे. त्यावर अशोकाचे लेख आहेत, आणि त्याच खडकावर महाक्षत्रप रुद्रदामन्‌चा, शक ७२ चा उल्लेख असलेला, म्हणजे इसवी सन १५० च्या सुमाराचा संस्कृत लेख आहे. विषय सुदर्शन नावाचं तळं. चंद्रगुप्त मौर्याच्या काळात ते बांधलं, अशोकाच्या काळात त्याला पाट काढले. मग एका वादळी पावसात बांध फुटला. खिंडार किती, तर ४२० हात लांब, तितकंच रुंद आणि ७५ हात खोल. सगळं पाणी वाहून गेलं आणि तळं वाळवंटासारखं ‘दुर्दर्शन’ झालं, असा श्लेष लेखातच आहे. सल्लागार म्हणाले, हे होणार नाही. लोकांनी आशा सोडली. मग सुविशाख नावाच्या अमात्याने ते काम तडीस नेलं, प्रजेवर कर किंवा वेठ न लादता, राजाच्या खजिन्यातून, आणि बांध पूर्वीपेक्षा तिप्पट मजबूत केला. यानंतर लेखकाने तळ्याला काय म्हटलं आहे पाहा : ‘सुदर्शनतर’. नवं सुदर्शन म्हटलेलं नाही, दुसरं नाव दिलेलं नाही. तेच सुदर्शन, पण आणखी सुदर्शन. माती नवी, दगड नवे, बांध नवा, तळं मात्र तेच. गुप्त काळात, स्कंदगुप्ताच्या वेळी, ते पुन्हा फुटलं आणि पुन्हा बांधलं गेलं. त्याचाही लेख त्याच खडकावर आहे.

तेव्हा माझी कसोटी अशी, आणि ती माझी आहे, कुठल्या ग्रंथात या शब्दांत सापडायची नाही : काम झाल्यावर लोक त्या गोष्टीला तेच म्हणतील का? ‘आपला मारुती’ म्हणतील, तर जीर्णोद्धार. भिंती किती टक्के पाडल्या हा प्रश्न दुय्यम आहे.

घरचं उदाहरण हवं असेल तर तलावपाळीला जा. कौपिनेश्वराचं आजचं मंदिर १७६० च्या सुमाराला सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी बांधलं. मराठ्यांनी ठाणं पोर्तुगीजांकडून घेतलं ते १७३७ साली, त्यानंतरची ही गोष्ट. पुढे १८७९ मध्ये ठाण्यातल्या लोकांनी वर्गणी काढून त्याची दुरुस्ती केली. त्यानंतरही कामं होत राहिली. तिथली प्रचंड पिंड पाहायला जाणाऱ्या कुणालाही आपण १८७९ च्या देवळात उभे आहोत की १७६० च्या, असा प्रश्न पडत नाही. कौपिनेश्वर तो कौपिनेश्वर.

याच्या उलट अंबरनाथचं शिवमंदिर. शिलाहारांच्या काळातलं, शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा लेख असलेलं, पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक. तिथे जीर्णोद्धार हा शब्द वापरू नका. तिथे चालतं ते जतन आणि संवर्धन. झिजलेली मूर्ती झिजलेलीच ठेवायची, पुढची झीज थांबवायची. अग्निपुराणाच्या नियमाने तिथे वागायचं ठरवलं तर निम्मं शिल्प पाण्यात सोडावं लागेल. पूजेतली वस्तू आणि पुराव्याची वस्तू यांना वेगळे शब्द लागतात. इथे अडचण एवढीच की तिथे पूजाही चालते. अशा ठिकाणी मी वाक्य मोठं करतो, शब्द ताणत नाही.

जैन परंपरेत या शब्दाचा पहिला अर्धा भागही गळतो. शत्रुंजय तीर्थाचे ‘उद्धार’ मोजतात, सोळा झाले असं मानतात, आणि सोळावा कर्माशाहांनी विक्रम संवत १५८७ मध्ये केला. टेंभी नाक्याकडच्या एखाद्या जैन गृहस्थांनी तुम्हाला ‘उद्धार’ एवढंच सांगितलं तर चूक समजू नका.

आता लेखन. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण या एका जोडाक्षराने माझं आयुष्य कमी केलं आहे.

जी दीर्घ. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, मुळात दीर्घ, म्हणून मराठीतही दीर्घ. ‘जिर्ण’ चूक. मात्र ‘जिरणे’ हा मराठीने घडवलेला शब्द, त्याची जि ऱ्हस्व. कमिटीतल्या कुणाच्या कानात ‘जिरणे’ असावं.

मग ‘द्ध’. आधी द, मग ध. संस्कृतातून आलेल्या शब्दांत हलकं अक्षर आधी येतं, जड नंतर. बुद्धी, शुद्ध, सिद्धी, श्रद्धा, वृद्ध, पद्धत, सगळीकडे तेच. ‘ध्द’ असा उच्चार करूनच पाहा. ध म्हणताना बाहेर पडणारा श्वास मधेच तोडून द म्हणावा लागतो, कुणी म्हणत नाही. मराठीच्या स्वतःच्या शब्दांत आपण ‘लख्ख’, ‘मख्ख’ असे दोन जड एकत्र लिहितो, ती आपली घरची मोकळीक आहे, ती इथे चालत नाही. आणि गंमत बघा, उलट अर्थाचा शब्दही लोक असाच बिघडवतात. ‘उध्वस्त’ लिहितात, हवं ‘उद्ध्वस्त’, उद् + ध्वस्त. म्हणजे पाडायचं असो की सावरायचं, ‘उद्’चा द जातोच.

चूक का होते याचंही कारण आहे. छापील ‘द्ध’मध्ये द च्या पोटाला ध चिकटलेला असतो. डोळ्याला आधी काय आणि नंतर काय हे कळत नाही. हाताने लिहिणारा मग दोन अक्षरं सुटी करतो आणि क्रम उलटा लावतो. टंकलेखक तेच टंकतो. म्हणून मी कळफलकाचा क्रम सांगतो : द, पाय मोडण्याची कळ, ध. अक्षर जोडून न दिसता ‘द्‍ध’ असं सुटं दिसलं तरी चालेल, क्रम बिघडता कामा नये.

माझीच एक फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मंडळासाठी मी असाच मजकूर केला, कागदावर शुद्ध. कोरणाऱ्याच्या अंगणात पांढरी लादी आडवी टाकलेली, तिच्यावर पेन्सिलीने अक्षरांची बाह्यरेषा काढलेली. मी गेलो, ओळी मोजल्या, नावं तपासली. देणगीदारांच्या नावात चूक झाली तर माणसं आयुष्यभर बोलत नाहीत, म्हणून सगळं लक्ष तिकडे. सगळ्यात वरची, सगळ्यात मोठी ओळ मी वाचलीच नाही. मोठं अक्षर माणूस वाचत नाही, नुसतं बघतो. छिन्नीने खाच पडली, काळा रंग भरला, पॉलिश झालं, पाटी भिंतीवर चढली, आणि उद्‌घाटनाच्या आदल्या संध्याकाळी एका निवृत्त शिक्षिकेने खालून विचारलं, ‘हे उध्दार काय आहे?’ लादीवरची खाच बुजवता येते, पण पांढऱ्या दगडावर ती भरलेली पुटी पिवळी पडते. शेवटी झेंडूची माळ त्या ओळीवर जरा खाली सोडली. पाहुण्यांनी पडदा सरकवला तेव्हा वाचता येत होतं ते फक्त ‘जीर्णो’. पाटी पुढे दीड वर्षाने बदलली. मंडळातले लोक अजून विचारतात, पाटीच्या जीर्णोद्धाराची पाटी कधी लावायची?

वापराचे काही बारकावे. शब्द पुल्लिंगी : तो जीर्णोद्धार, देवळाचा जीर्णोद्धार झाला, जीर्णोद्धाराचं काम हाती घेतलं, जीर्णोद्धारासाठी निधी. ‘जीर्णोद्धारीत मंदिर’ असं हल्ली दिसतं, ते टाळा. लिहायचंच झालं तर रि ऱ्हस्व, पण ‘जीर्णोद्धार झालेलं मंदिर’ हे कानाला जास्त बरं. ‘पुन्हा जीर्णोद्धार’ हे दुसऱ्यांदा होत असेल तरच. देऊळ, विहीर, तळं, धर्मशाळा, समाधी, घाट यांना शब्द सहज लागतो. शंभर वर्षं जुन्या शाळेला किंवा वाचनालयाला लावला तरी चालतो, त्यात थोडा आदर मिसळतो. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, अशा संस्थेच्या वास्तूला तो शोभेल. रस्ता, गटार, लिफ्ट यांना लावू नका, तिथे दुरुस्ती म्हणा. बाकी आजोबांनी नवी कवळी बसवून घेतली आणि नातवाने ‘दातांचा जीर्णोद्धार’ म्हटलं तर ते मराठीच आहे, आणि चांगलं मराठी आहे.

बाकीचे जवळचे शब्द झटपट. कायापालट म्हणजे रूप बदललं, आत काय बदललं याची हमी नाही. कात टाकणं हे आपोआप, आतून होतं. गाव कात टाकतं, समिती नेमून कात टाकता येत नाही. पुनरुज्जीवन मेलेल्याचं किंवा मरायला टेकलेल्याचं : बंद पडलेलं नाट्यमंडळ, थांबलेली जत्रा. त्यात ज्ज हवा, उद् + जीवन. डागडुजी सगळ्यात प्रामाणिक शब्द, पण डागडुजीची पाटी कुणी लावत नाही.

तुमच्या पाटीत ‘पुनर्’ही येणार, म्हणून तेवढं सांगतो. मूर्ती तात्पुरती हलवून परत बसवणार तो विधी पुनःप्रतिष्ठा. विसर्गाने लिहा. ‘पुनर्प्रतिष्ठा’ सर्रास दिसतं, पण पुढे प, क, त यांसारखं कठोर अक्षर आलं की तिथे र् टिकत नाही. पुढे मृदू अक्षर असेल तर र् राहतो : पुनर्विकास, पुनर्जन्म. पुढे र च आला तर संस्कृताच्या नियमाने आधीचा र् जाऊन स्वर दीर्घ होतो, निर् + रस चं नीरस होतं तसा. त्या हिशोबाने ‘पुनारचना’ व्हायला हवं होतं. मराठीने ‘पुनर्रचना’ पत्करलं आणि रुळवलं. तिथे मी व्याकरण काढून भांडत नाही.

राहिला मजकूर. जागा बदलते आहे हे लपवू नका. पन्नास वर्षांनी कुणीतरी जुन्या नकाशावर देऊळ शोधेल. मी असा करीन :

‘श्री मारुती मंदिर. पूर्वी याच आवारात असलेल्या मंदिराचा जीर्णोद्धार करून मूळ मूर्तीची पुनःप्रतिष्ठा या जागी केली.’

खाली मिती आणि शके. पाडव्यानंतरची तारीख असेल तर इसवी सनातून ७८ वजा करा, जानेवारीपासून पाडव्यापर्यंतची असेल तर ७९. त्याखाली सर्व सभासद, एवढंच. नावांची यादी घालायची ठरलीच तर ती वेगळ्या लादीवर घ्या, म्हणजे वरच्या ओळीकडे लक्ष राहील. आणि कोरायला देण्याआधी लादीवरची पेन्सिलीची अक्षरं आजींना दाखवा. त्या मोठी ओळ आधी वाचतील.